"जाड टाक" म्हणणाऱ्यांना

तळ्याच्या मधोमध रिमोटवरची मॉडेल बोट थांबते, पण तिचं इंजिन थांबत नाही. त्याचा आवाज चढत जातो, इतका की काठावर पाय सोडून बसलेली माणसंही उठून उभी राहतात. थ्रॉटल खाली ओढेपर्यंत सेकंद-दोन सेकंद जातात, आणि भार सुटलेल्या नायट्रो, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावरच्या, इंजिनाला कनेक्टिंग रॉड मोडून घ्यायला तेवढा वेळ पुरतो. बोट परत आणायची, झाकण उघडायचं, मागून प्रॉप, म्हणजे पाण्यातला पंखा, ओढायचा. तो हातात सहज येतो, मागे वीतभर केबल घेऊन: इंजिनापासून प्रॉपपर्यंत जाणारी, त्याला फिरवणारी लवचिक केबल तुटलेली असते. आणि मग शेजारचा कोणीतरी, हात मागे बांधून वाकत, सांगतोच, "जाड टाक पुढच्या वेळी." या वाक्याची अडचण अशी की ते पूर्ण चुकीचं नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही. जाड केबल टाकली जाते, ती थोडी जास्त टिकते, मग तीही तुटते. मधल्या काळात बोट आधीपेक्षा मंद का झाली, हे कोणालाच कळत नाही.

तुटलेला तुकडा फेकून देण्याआधी नीट बघितला तर बराचसा उलगडा तिथेच होतो. केबल म्हणजे मध्ये एक गाभ्याची तार आणि तिच्यावर पोलादी तारांचे थर. प्रत्येक थर खालच्या थराच्या उलट पिळाचा. कोलेटजवळ, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी केबल पकडणाऱ्या चिमट्याजवळ तुटली असेल, तर केबल जिच्यातून जाते ती नळी आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट एका रेषेत नाहीत. केबल दर फेऱ्याला तिथे वाकते आहे आणि मिनिटाला पंचवीस हजार वेळा वाकलेली तार फार दिवस टिकत नाही. मागे स्टब शाफ्टला, म्हणजे प्रॉप बसतो त्या आखूड दांड्याला, जोडलेल्या जागी, अगदी कापल्यासारखी तुटली असेल, तर दोष झाळण्यात आहे. मधेच कुठेतरी तुटली असेल आणि तिथला रंग निळसर दिसत असेल, तर तिथे नळीला चेप किंवा कोन आहे, किंवा ग्रीस संपलेलं आहे. आणि तुटलेलं टोक झाडूसारखं फुललेलं, बाहेरच्या तारा सैल, नळीच्या आतल्या बाजूला ओरखडे, असं दिसलं तर केबल उलट्या पिळाची होती. या चारांपैकी एकाही दुखण्यावर जाडी हे औषध नाही.

तरी जाडीपासूनच सुरुवात करू, कारण दुकानात पहिला प्रश्न तोच येतो.

या छंदाची मापं अजून इंचात चालतात. नेहमी मिळणाऱ्या केबली .१३०, .१५०, .१८७ आणि .२५० इंचाच्या, म्हणजे अंदाजे ३.३, ३.८, ४.७६ आणि ६.३५ मिमी. शेवटच्या दोन म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत दीड सूत आणि दोन सूत. इंजिन .२१ घन इंचाचं, म्हणजे ३.५ सीसीचं असेल, तर .१५० किंवा .१८७, ७.५ सीसीला .१८७; ११ आणि १५ सीसीला .१८७ की .२५० यावर मतभेद आहेत आणि ते मिटणार नाहीत. पेट्रोलवरच्या २६ सीसी इंजिनाला .२५०. हा झाला ठोकताळा. आता त्यामागचा हिशोब. ३.५ सीसीचं चांगलं इंजिन पंचवीस हजार फेऱ्यांना दीड किलोवॅट देतं असं धरलं, तर शाफ्टवर येणारा पीळ ०.५७ न्यूटन-मीटर निघतो. आकडा लहान आहे. सरळ नळीतली, ग्रीस लावलेली ३.८ मिमीची केबल तो दिवसभर वाहील. पिळाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे भरीव दांडा ३.८ वरून ४.७६ वर नेला तर ताकद जवळजवळ दुप्पट होते. केबल भरीव नसते, पण कल तोच. मग ही दुप्पट ताकद लागते कधी? प्रॉप पाण्याबाहेर येऊन परत पाण्यात शिरतो तेव्हा. बोट लाटेवरून उडाली की प्रॉप हवेत मोकळा फिरतो, इंजिन फेऱ्या वाढवतं, आणि खाली आदळल्यावर पाणी त्याला एकदम पकडतं. त्या क्षणी केबलवर नेहमीच्या कितीतरी पट झटका बसतो. म्हणून जड, उड्या मारणाऱ्या डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाच्या, बोटीला ३.५ सीसीवरही .१८७ घालणं योग्य, आणि पाण्यावर सपाट, चिकटून धावणाऱ्या हलक्या आउटरिगरला, म्हणजे बाजूंना तरंगे लावलेल्या बोटीला, .१५० पुरते. तीच .१८७ आउटरिगरला घातली तर काही मोडणार नाही. फक्त जास्त वजन फिरवावं लागेल, नळीच्या बाकात जास्त घर्षण होईल, आणि ती ताकद प्रॉपपर्यंत न पोचता नळी तापवण्यात जाईल.

प्रॉपचाही यात हात आहे. ऑक्टुरा कंपनीच्या एक्स मालिकेतला ४४२ क्रमांकाचा प्रॉप म्हणजे व्यास ४२ मिमी आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर पुढे सरकण्याचं अंतर, व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिमी. पंचवीस हजार फेऱ्यांना कागदावर ताशी ८८ किलोमीटर. त्या जागी ४५ मिमीचा प्रॉप बसवला की वेग वाढल्याचं सगळ्यांना दिसतं, केबलवरचा भार वाढल्याचं कोणाला दिसत नाही. तसंच प्रॉप तोलून न घेता वापरला तर प्रत्येक फेऱ्याला स्टब शाफ्ट थरथरतो आणि ती थरथर पहिली जाते ती झाळलेल्या जोडात. केबल बदलायचा विचार चालू असेल तर त्याआधी प्रॉप तोलून बघावा, तो स्वस्तातला उपाय आहे.

आता पीळ. सगळ्यात जास्त केबली इथे वाया जातात आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही इथेच. नायट्रो बोटीत इंजिनाचं फ्लायव्हील बोटीच्या मागच्या बाजूला तोंड करून असतं, आणि नेहमीचं इंजिन, मागून बघितलं तर, घड्याळाच्या उलट फिरतं. या फिरण्यात बाहेरचा थर आवळला गेला पाहिजे. तो आवळला की आतला थर सैल होऊ बघतो, त्याला बाहेरचा दाबून धरतो, आणि दोघे एकमेकांत अडकून केबल दांड्यासारखी वागते. उलट पिळाची केबल टाकली तर बाहेरचा थर उलगडतो, फुगतो, नळीच्या भिंतीला घासतो, तापतो. बोट चालते, अगदीच चालत नाही असं नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. आपल्या या नेहमीच्या इंजिनाला डाव्या पिळाची केबल लागते. पाकिटावर तसं लिहिलेलं असलं तरी हातात घेऊन खात्री करावी. साधा बोल्ट उभा धरा, शेजारी केबल उभी धरा. बोल्टचे आटे उजवीकडे चढताना दिसतात; केबलच्या बाहेरच्या तारा डावीकडे चढताना दिसल्या पाहिजेत. दुसरी खूण हाताची: इंजिनाकडचं टोक व्हाइसमध्ये धरा, प्रॉपकडच्या टोकासमोर उभे राहा आणि ते टोक घड्याळाच्या दिशेने पिळा. केबल कडक झाली तर बरोबर. तारांमध्ये फटी पडल्या तर ती उजव्या पिळाची, दोन इंजिनांच्या बोटीतल्या उलट फिरणाऱ्या बाजूसाठी ठेवून द्यावी.

इथेच जुगाडाचा मोह होतो, आणि आपल्याकडे तो जरा जास्त होतो. स्कूटरच्या स्पीडोमीटरची आतली तार जाडीला जवळपास जुळते. सराफाच्या खुंटीला टांगलेल्या पॉलिश मशीनची लवचिक शाफ्टही हाताशी असते. स्पीडोमीटरच्या तारेचं काम काटा हलवणं. तिच्यावर भार म्हणावा असा नसतोच, फेऱ्याही थोड्या. सराफाच्या मशीनची तार खऱ्या कामाची असते, पण तिचा पीळ त्या मशीनच्या दिशेला जुळवलेला, आणि फेऱ्याही सहसा नायट्रोपेक्षा कमी. बोल्टची खूण करून बघितल्याशिवाय ती बोटीत घालू नये, आणि खूण जुळली तरी पूर्ण थ्रॉटलला तिचा भरवसा धरू नये. केबल बाहेरून मागवावी लागते, महाग पडते, हे खरंच आहे. पण बिघडल्यावर इंजिन घेऊन जाणारा भाग स्वस्तातला घेण्यात बचत कसली?

नळीच्या बाबतीत मात्र जुगाड चालतो, फक्त माप सांभाळावं लागतं. इंची मापाची पितळी नळी पाव इंच बाहेरच्या व्यासाची घेतली तर तिची भिंत साधारण ०.३६ मिमीची आणि आतला व्यास ५.६४ मिमीच्या आसपास. ४.७६ च्या केबलला त्यात ०.८८ मिमीची मोकळीक मिळते. ती ग्रीसची जागा. मुंबईच्या नागदेवी बाजारात जाऊन पितळी नळी मागितली तर हातात बहुधा ६ मिमीची येते, अर्ध्या मिमीच्या भिंतीची, म्हणजे आत ५ मिमी. .१८७ ची केबल तिच्यात जाते, सरळ नळीत फिरतेही, आणि दुकानदार म्हणतो, "बघा, फिट बसली." मोकळीक उरली ०.२४ मिमी. नळीला बाक दिला की तेवढीही उरत नाही. ५ मिमीच्या आतल्या व्यासात ३.८ ची केबल बसवा, छान चालेल. ४.७६ साठी थोडं हिंडावं लागेल. दुकानात जाताना खिशात व्हर्निअर आणि केबलचा हातभर तुकडा असू द्यावा, आणि तुकडा नळीत घालून नळी किंचित वाकवून बघावी. टेफ्लॉनचं अस्तर घालायचं असेल तर नळी एक माप मोठी लागते. अस्तराला नळीत सरकायला वाव हवा, केबलला अस्तरात. अस्तर नळीपेक्षा दोन्ही टोकांना थोडं आखूड ठेवायचं, कारण तापल्यावर टेफ्लॉन लांबतं आणि पुढे सरकून कोलेटला घासतं. अस्तराने आवाज कमी होतो, घर्षण कमी होतं, पण एक अट आहे: केबल थंड राहिली पाहिजे. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत काम देतं आणि पोलाद निळं पडतं ते ३०० च्या आसपास. म्हणजे केबलवर निळा डाग दिसला तर तिथलं अस्तर आधीच कामातून गेलंय, आणि नुसती केबल बदलून काही होणार नाही.

बाक एकच आणि लांबलचक असावा. पितळ आधी गरम करून मऊ करायचं, आत बारीक मीठ किंवा वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि मोठ्या डब्याच्या कडेवर हळूहळू वळवायचं. गुडघ्यावर वाकवलेली नळी हमखास चेपते, आणि तो चेप बाहेरून दिसतोच असं नाही. जुन्या केबलचा दोन बोटं लांबीचा तुकडा आतून सोडून बघावा. तो स्वतःच्या वजनाने दुसऱ्या टोकाला घरंगळत गेला तर नळी ठीक. कोलेट आणि नळीचं तोंड यांत दहा ते पंधरा मिमीहून जास्त जागा मोकळी सोडू नये. एवढ्या फेऱ्यांना आधार नसलेली केबल दोरीवरच्या उड्यांसारखी भोवरत सुटते, तिचा आवाजही वेगळा येतो, खडखडाट मिसळलेला.

झाळणं हा स्वतंत्र विषय आहे, पण केबलीच्या आयुष्याचा मोठा भाग त्यावर ठरतो. केबल पक्कडीने कधी कापू नये. पीळ सुटतो आणि टोक फुलतं. कापायच्या जागी टेप गुंडाळून बारीक कटिंग व्हीलने कापायची. टोक आणि स्टब शाफ्टचं भोक दोन्ही ॲसिटोनने धुवायचं. नवी केबल ग्रीस लावूनच येते आणि ते ग्रीस थरांच्या आत असतं, नुसतं पुसून जात नाही. सोल्डर कथिल-चांदीचं, २२१ अंशांना वितळणारं, आणि त्याला जुळणारा आम्ली फ्लक्स. सोनाराकडचं चांदीचं झाळण वापरू नये. ते सहाशे अंशांच्या पुढे वितळतं, आणि तेवढी उष्णता लागली की तारेचं पाणी उतरतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ती केबल दिसते: पीळ शाबूत, ताकद गेलेली. आच स्टब शाफ्टला द्यायची, केबलला नाही. शाफ्ट पुरेसा तापला की सोल्डर स्वतःहून आत ओढलं जातं. आणि आता ती जागा, जिथे बहुतेक जोड बिघडतात: सोल्डर थांबत नाही. ते केबलच्या थरांतून पुढे चढतं आणि शाफ्टच्या बाहेर सेंटिमीटरभर केबल कडक करून टाकतं. लवचिक भाग कडक भागाला जिथे भेटतो तिथे सगळी वाकण एकवटते आणि केबल तिथे तुटते, ती ओळखीची, कापल्यासारखी. म्हणून शाफ्टच्या तोंडाशी केबलवर ओल्या फडक्याची पट्टी घट्ट गुंडाळायची, उष्णता तिथेच अडते. जोड गार झाल्यावर नखाने केबल वाकवून बघा. शाफ्टच्या तोंडापासूनच ती मऊ लागली पाहिजे. मग फ्लक्स गरम पाण्याने धुवायचा, अगदी नीट, नाहीतर उरलेलं आम्ल आतून गंज चढवतं. शेवटी स्टब शाफ्ट काचेवर टेकवून फिरवायचा, केबल काचेच्या बाहेर लोंबू द्यायची. टकटक आवाज आला तर शाफ्ट वाकडा आहे. तयार जोडलेली केबल विकत घेतली तरी ही परीक्षा चुकवू नये.

पुढचं टोकही कोलेटमध्ये जातं तेवढंच झाळून घ्यावं, म्हणजे कोलेटच्या दाबाने तारा विस्कटत नाहीत. पण झाळलेला भाग कोलेटच्या तोंडापासून दोनेक मिमी आतच संपला पाहिजे. कारण वर सांगितलं तेच.

लांबी ठरवताना इंजिन पक्कं बसवलेलं, नळी चिकटवलेली, स्ट्रट (बोटीच्या मागे स्टब शाफ्टला धरणारा आधार) जागेवर हवा. केबल मागून घालायची, कोलेटमध्ये पूर्ण आत जाऊ द्यायची, आणि ड्राइव्ह डॉग (प्रॉपला अडकून त्याला फिरवणारा, स्टब शाफ्टवरचा तुकडा) व स्ट्रट यांच्यामध्ये तीन ते पाच मिमी जागा सोडायची. ही जागा बघून नवखा माणूस अस्वस्थ होतो. त्याला वाटतं फिटिंग सैल राहिलं, आणि तो ती पातळ वायसरांनी भरून टाकतो. मग तळ्यावर पूर्ण थ्रॉटल दिला की बोट उठते, आणि लगेच इंजिन दबतं. भाराखाली केबल आखडते, शिवाय प्रॉप तिला पुढे ढकलत असतो. डॉग स्ट्रटवर टेकतो आणि ब्रेक लागतो. इंजिनात दोष आहे समजून कार्ब्युरेटरची नीडल फिरवली जाते, मिश्रण पातळ केलं जातं, आणि पिस्टन जातो. सगळं त्या चार मिमीपायी. टेकल्याची खूण डॉगच्या पुढच्या तोंडावर दिसते: चकचकीत गोल रिंग. ती दिसली की कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही.

केबल तुटली तर प्रॉप आणि स्टब शाफ्ट मागून सरकून पाण्यात जाऊ शकतात, विशेषतः रडर एका बाजूला असलेल्या बोटीत. मागे अडवायला काही नसतं. नळीचं मागचं टोक आणि स्ट्रट यांच्यामध्ये केबल उघडी असेल तर तिथे एक छोटी कॉलर स्क्रूने बसवतात. केबल पुढे कुठेही तुटली तरी कॉलर स्ट्रटला अडते आणि धार लावून, तोलून तयार केलेला प्रॉप वाचतो. कॉलर बसवताना तिचा स्क्रू केबलच्या तारांत रुतवू नये. तिथे पितळेची पातळ बाही आधी सरकवावी.

ग्रीस पाण्यात न सुटणारं, मरीन प्रकारचं. तेल लावू नये. ते पहिल्या मिनिटात उडून जातं आणि नळीतून पाणी आत येतं. ग्रीस पाण्याला बूचही घालतं, हे काम लोक विसरतात. प्रत्येक फेरीनंतर केबल बाहेर काढून पुसायची, बोटांतून ओढायची. तुटलेली एखादी तार असेल तर ती चिंधीत अडकते. चिंधीच वापरावी, ती तार बोटात शिरली तर निघत नाही. एक तार तुटलेली दिसली की केबल बदलायची, उरलेल्या दिवसासाठीसुद्धा ठेवायची नाही. दिवस संपला की केबल बोटीत ठेवून घरी नेऊ नये. तिच्यात पाणी शिरलेलं असतं, इंधनाचं मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि मुंबई-कोकणच्या जून-जुलैत आठवड्याभरात आतल्या थरांवर तांबूस पूड बसते. बाहेरून केबल चकचकीत असते. ती वाकवून कानाशी धरली तर कुरकुर ऐकू येते, आणि पुसलेल्या चिंधीवर तपकिरी डाग पडतो. अशी केबल पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, ग्रीस चोळून परत घालणारे आहेत. त्यांनी निदान प्रॉप मोठा घालू नये.

काही जण केबलच टाळतात आणि दोन-अडीच मिमीची भरीव पियानो वायर वापरतात. छोट्या, हलक्या, वेगाच्या मागे लागलेल्या बोटींत ती सरस ठरते. घर्षण नगण्य, वजन नगण्य. पण तिला अगदी सौम्य, अचूक बाक लागतो आणि तुटायची ती पूर्वसूचना न देता तुटते. केबल निदान आधी एक तार सोडून इशारा देते. डीप-व्हीमध्ये, जिथे इंजिन उंच आणि स्ट्रट खाली असल्याने बाक मोठा असतो, तिथे वायरच्या फंदात पडू नये.

मागवताना एक केबल मागवू नये. दोन केबली, दोन स्टब शाफ्ट, अस्तर वापरत असाल तर एक हातभर अस्तर, सगळं एका पार्सलमध्ये. कुरियरचा खर्च तेवढाच पडतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच लांबीच्या, एकाच हाताने झाळून ठेवाव्यात, दुसरी ग्रीस लावून प्लास्टिकच्या नळीत. आणि पहिली तुटली की दुसरी लगेच बसवायची घाई करू नये. आधी तुकडा उजेडात धरायचा, कोलेटजवळ तुटला की मागे की मधे ते बघायचं, नळीत डोकवायचं, डॉगवर रिंग आहे का तपासायचं. तेवढं झाल्यावरही कारण सापडलं नाही आणि बोट खरोखरच लाटांवर आदळत पळत असेल, तर खुशाल जाड टाका.